कॉलेजच्या गावातली छोटी दुकानं टिकावीत म्हणून: रहिवाशांना सोबत घेण्याची सविस्तर पद्धत

सत्र संपलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी कॉलेजच्या गावातल्या मुख्य रस्त्यावरून भर दुपारी एक फेरी मारावी. आठवड्यापूर्वी ज्या फोटोकॉपीच्या दुकानात प्रोजेक्टच्या प्रती काढायला रांग लागली होती, तिथे मालक मशीन बंद ठेवून काच पुसत असतो. सायकल दुरुस्तीवाल्याच्या दारात एकही सायकल उभी नसते. पुस्तकाच्या दुकानातले मागचे दिवे मालवलेले असतात. भाडं मात्र पूर्ण महिन्याचं द्यायचं असतं, आणि मदतनीसाला दोन महिने घरी बसवलं तर सत्र सुरू होताना तो परत येईलच याची खात्री नसते.

माझं ठाम मत असं की, अशा गावात स्वतंत्र दुकानाची खरी परीक्षा या सुट्टीत होते. म्हणून मोहिमेचा कणा बारा महिने गावात राहणारा रहिवासीच असला पाहिजे. विद्यार्थी हवेतच, पण ते येऊन-जाऊन असतात. चार वर्षांचा अभ्यासक्रम असेल तर दर वर्षी साधारण पाव विद्यार्थी नवे येतात आणि तेवढेच जुने जातात. तीन वर्षांचा असेल तर एक तृतीयांश. म्हणजे दुकानदाराने मेहनतीने जोडलेल्या शंभर विद्यार्थी गिऱ्हाइकांपैकी दोन वर्षांत निम्मी किंवा त्याहून जास्त गाव सोडून गेलेली असतात. रहिवासी तसा जात नाही. प्रश्न एवढाच असतो, की तो गावातल्या दुकानात येतो का.

पहिलं काम: पायी फिरून यादी

नकाशावर किंवा इंटरनेटवर बसून यादी करू नये. दोन-तीन जणांनी वही घेऊन गल्ली-गल्ली फिरावं. पहिल्या मजल्यावरचा शिंपी, जिन्याखालचा चावीवाला, घरातून काम करणारी प्रबंधांची बांधणी करणारी बाई, ही माणसं पायी फिरल्याशिवाय सापडत नाहीत. बऱ्याच जुन्या रहिवाशांनाही ती ठाऊक नसतात.

प्रत्येक दुकानापुढे पाच गोष्टी लिहायच्या: काय मिळतं, काय दुरुस्त होतं, कोणत्या वेळेत उघडं असतं, सुट्टीत उघडं असतं का, आणि फोनवर ऑर्डर घेतात का. दुरुस्तीचा रकाना विसरू नका. नवी वस्तू घरबसल्या मागवता येते, पण बॅगेची चेन बदलून देणारा माणूस गावातच लागतो. रहिवाशाला दुकानाच्या दारापर्यंत आणायला दुरुस्तीसारखं दुसरं निमित्त नाही.

‘स्वतंत्र’ कोणाला म्हणायचं हे याच टप्प्यावर ठरवून टाकावं, नाहीतर पुढे यादीत कोण आणि कोण नाही यावरून रुसवेफुगवे होतात. दोन कसोट्या पुरतात. मालकीचा मोठा हिस्सा गावात किंवा परिसरात राहणाऱ्यांकडे आहे का? आणि माल कोणता ठेवायचा, कोणाकडून घ्यायचा, जाहिरात कुठे करायची, हे निर्णय मालक स्वतः घेतो का? मोठ्या ब्रँडची शाखा चालवणारा माणूस गावचाच असला तरी दुसऱ्या कसोटीवर बहुधा अडतो. त्याला यादीत घ्यायचं की नाही हे तुमच्या गटाने ठरवावं, पण नियम लिहून ठेवावा आणि सगळ्यांना सारखा लावावा.

दुकानदारांशी बोलणं

घाईच्या वेळी जाऊ नका. दुकान उघडून तास झाला असेल, गिऱ्हाईक तुरळक असेल, तेव्हा जावं. ‘तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?’ असं विचारलं की ‘गिऱ्हाईक पाठवा’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी नेमकं विचारा. वर्षातले कोणते आठवडे सगळ्यात कोरडे जातात? त्या आठवड्यांत काय विकता येईल? रहिवासी येऊन काही न घेता परत जातात तेव्हा कारण काय असतं? कोणता माल गावातल्याच दुसऱ्या कोणाकडून घेता?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नीट ऐका. गाडी लावायला जागा नाही, किंमत लिहिलेली नसते, विद्यार्थ्यांच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाकडे कोणी लक्ष देत नाही, नोकरदार संध्याकाळी येतात तोवर दुकान बंद झालेलं असतं. अशी कारणं निघाली तर ती आधी सोडवावी लागतात. वेळेवर न उघडणाऱ्या, बदलून न देणाऱ्या, तुसडेपणाने बोलणाऱ्या दुकानाला कोणतीही मोहीम तारत नाही. उलट गिऱ्हाईक एकदा येऊन पोळलं की बाकीच्या चांगल्या दुकानांवरचाही विश्वास उडतो. हे दुकानदाराला प्रेमाने पण स्पष्ट सांगणारं कोणीतरी गटात असावं.

गट कसा असावा? नुसता दुकानदारांचा केला तर लोक त्याला व्यापाऱ्यांची जाहिरात समजतात, आणि नुसता रहिवाशांचा केला तर दुकानातली अडचण आत पोचत नाही. निम्मे-निम्मे घ्यावेत, आणि कॉलेजचा निदान एक कर्मचारी असावा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बोल्डर हे विद्यापीठाचं गाव आहे. तिथे १९९८ मध्ये जेफ मिल्चन यांनी पुस्तकाच्या दुकानाचे मालक डेव्हिड बोल्डक यांच्या सोबतीने स्वतंत्र व्यावसायिकांची संघटना उभी केली. पुढे अनेक गावांनी तोच साचा उचलला. एकेकट्या दुकानाने ओरडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एका चिन्हाखाली, एका यादीने लोकांसमोर यायचं, हा त्या कामाचा गाभा.

वर्षाचा तक्ता

सगळ्या मार्गदर्शनातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. एका मोठ्या कागदावर बावन्न आठवड्यांच्या बावन्न चौकटी आखा. कॉलेजच्या शैक्षणिक वेळापत्रकातून प्रवेशाचे दिवस, सत्राची सुरुवात, परीक्षा, पदवीदान, लहान सुट्ट्या आणि मोठी सुट्टी त्यात भरा. मग दुकानदारांनी सांगितलेले कोरडे आठवडे एका रंगाने रंगवा.

तक्ता भिंतीवर लागला की मोहीम कुठे हवी ते डोळ्यांना दिसतं. बहुतेक गट उत्साहाने सत्राच्या सुरुवातीला मोठा कार्यक्रम करतात, कारण तेव्हा गाव भरलेलं असतं. पण तेव्हा दुकानात आधीच पाय ठेवायला जागा नसते, आणि रहिवासी त्या गर्दीला कंटाळून घरी बसलेले असतात. रहिवाशांना बोलवायचं ते रंगवलेल्या चौकटींत. तेव्हा गाडी लावायला जागा असते, दुकानदाराकडे बोलायला वेळ असतो, शिंपी दोन दिवसांत काम करून देतो. ‘विद्यार्थी गावाला गेलेत, आता रस्ता तुमचा’ हे आमंत्रण रहिवाशाला मनापासून पटतं, कारण सत्रात आपलं गाव आपलं राहत नाही ही त्याची जुनी सल असते.

अमेरिकेत अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने २०१० मध्ये ‘स्मॉल बिझनेस सॅटर्डे’ सुरू केला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतरच्या शनिवारी छोट्या दुकानांतून खरेदी करा, अशी ती हाक. ब्रिटनमध्ये तो २०१३ पासून डिसेंबरमध्ये होतो. आता बघा, थँक्सगिव्हिंगच्या त्या आठवड्यात तिथले विद्यार्थी मोठ्या संख्येने घरी गेलेले असतात. म्हणजे कॉलेजच्या गावात तो दिवस मुळात रहिवाशांचाच होतो, आणि तयारीही त्यांच्यासाठीच व्हायला हवी. देशभर ठरलेली तारीख घ्यायची की नाही, हे आपला तक्ता बघून ठरवावं.

पैसा गावात फिरतो म्हणजे नेमकं काय

रहिवासी हमखास विचारतो: ‘मला काय फरक पडतो? वस्तू तीच, वर थोडी महागच.’ याचं उत्तर भावनेने देऊ नये, हिशेबाने द्यावं.

गावातल्या पुस्तकवाल्याला मिळालेल्या पैशातून नफा गावात राहतो. त्याचे हिशेब गावातला लेखापाल बघतो, पाटी गावातला रंगारी रंगवतो, पिशव्या आणि पावतीपुस्तकं गावातला छापखाना छापतो. साखळी दुकानाचा नफा मुख्य कार्यालयात जातो. हिशेब, छपाई, जाहिरात ही कामंही बहुधा तिथूनच दिली जातात. गावात उरतो तो कामगारांचा पगार, भाडं आणि स्थानिक कर.

याची मोजदाद झालेली आहे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शहरात बुकपीपल हे पुस्तकांचं आणि वॉटर्लू रेकॉर्ड्स हे संगीताचं, अशी दोन स्थानिक दुकानं. त्यांच्यासमोर बॉर्डर्स या पुस्तकांच्या मोठ्या साखळीचं दुकान येऊ घातलं होतं. २००२ मध्ये सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने तिथे अभ्यास केला. गिऱ्हाइकाने खर्च केलेल्या १०० डॉलरमागे स्थानिक दुकानांमुळे शहराच्या अर्थव्यवस्थेत ४५ डॉलर फिरत होते, तर साखळी दुकानामुळे १३, असा हिशेब निघाला. ते दुकान तिथे झालंच नाही. त्याच संस्थेने २००४ मध्ये शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात केलेल्या अभ्यासात हे आकडे ६८ आणि ४३ आले.

दोन आकड्यांमधलं अंतर दोन्हीकडे वेगळं आहे हे लक्षात घ्या. धंदा कोणता, माल कुठून येतो, यावर ते बदलतं. म्हणून ‘आपल्या गावातही शंभरातले इतके राहतात’ असं पत्रकात छापू नका. लोक विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. त्यापेक्षा गावातल्या एकाच दुकानाची साखळी त्यांच्या संमतीने मांडून दाखवा: हा पुस्तकवाला, हा त्याचा छापखाना, छापखान्याच्या मशीनची दुरुस्ती करणारा हा माणूस, आणि त्याची मुलगी ज्यांच्याकडे वाद्य शिकते ते हे शिक्षक. चार फोटो, मध्ये बाण. टक्केवारीपेक्षा हे लोकांच्या लक्षात राहतं.

याच बॉर्डर्सची आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती साखळी १९७१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावात टॉम आणि लुई बॉर्डर्स या भावांनी काढलेलं एक पुस्तकाचं दुकान म्हणून सुरू झाली होती, आणि २०११ मध्ये ती सगळीच बंद पडली. साखळी दुकानांना शिव्या देणाऱ्या घोषणा मला पटत नाहीत त्या यामुळेही. आजची साखळी कालचं कोणाचं तरी छोटं दुकान असते, आणि तिथे काम करणारी माणसं आपल्याच गावची असतात. बोलायचं ते आपल्या दुकानांबद्दल.

रहिवाशाला काय सांगायचं आणि कसं

‘छोट्या व्यावसायिकांना मदत करा’ हे वाक्य टाळा. मदत माणूस एकदा करतो, सणावाराला करतो, आणि केल्यावर मोकळा होतो. दुकानाला हवी असते सवय. म्हणून मागणी लहान आणि मोजता येईल अशी ठेवा. अमेरिकेत २००९ मध्ये सिंडा बॅक्स्टर यांनी सुरू केलेल्या ‘३/५० प्रोजेक्ट’ची मागणी अगदी सोपी होती: बंद पडलं तर तुम्हाला चुकचुकल्यासारखं होईल अशी तीन दुकानं निवडा, आणि महिन्याला एरवी कुठेतरी होणाऱ्या खर्चातले एकूण ५० डॉलर तिथे करा. नवा खर्च करायचा नाही, आहे तोच वळवायचा.

आपल्या गावासाठी अशी एकच मागणी ठरवा. मला सगळ्यात कामाची वाटते ती ‘एक खरेदी कायमची वळवा’ ही. वह्या-पेनं, पुस्तकं, कपड्यांची शिलाई, सायकलची देखभाल, भेटवस्तू, छपाई; यातली कोणतीही एक. ज्या घराने ‘आमच्याकडच्या वाढदिवसांच्या भेटी आता इथूनच’ असं ठरवलं, त्या घराला पुन्हा आठवण करावी लागत नाही.

सगळ्या रहिवाशांना एकच पत्रक देणं म्हणजे श्रम वाया घालवणं. निवृत्त मंडळींना बसायला खुर्ची, मोठ्या अक्षरात किंमत आणि घरपोच सेवा हवी असते. त्यांच्याकडे सकाळचा वेळ असतो, आणि तीच दुकानाची रिकामी वेळ. प्राध्यापक आणि कर्मचारी संध्याकाळी मोकळे होतात. आठवड्यातून एकच वार ठरवून सगळी दुकानं त्या दिवशी उशिरापर्यंत उघडी ठेवली, तर दुकानदारांनाही झेपतं आणि लोकांच्या लक्षातही राहतं. लहान मुलांच्या पालकांना दुकानात काहीतरी घडताना दाखवायला आवडतं: जिल्द कशी शिवतात, घड्याळ कसं उघडतात. नव्याने राहायला आलेल्यांना फक्त यादी हवी असते. ती घराच्या चावीबरोबर मिळाली तर उत्तम, म्हणून घरं भाड्याने देणाऱ्यांना आणि दलालांना भेटा.

शेजाऱ्याने सांगितलेलं लोक ऐकतात. दर आठवड्याला एका रहिवाशाने एका दुकानाबद्दल चार ओळी लिहाव्यात, स्वतःचा अनुभव, नेमका. ‘सेवा उत्तम’ असं लिहू नये. ‘पावसात भिजलेली माझी वही त्यांनी पान-पान सुटं करून वाळवली आणि पुन्हा शिवून दिली’ असं लिहावं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात हे चालतं, वाचनालयाच्या फलकावर तर फारच चांगलं चालतं.

विद्यार्थ्यांचं काय

त्यांच्यासाठी एकच गोष्ट नीट करा: पहिल्या आठवड्यात हातात पडणारा नकाशा. नव्या गावात माणसाच्या खरेदीच्या सवयी पहिल्या काही दिवसांतच बनतात. पहिली वही, पहिली बादली, पहिली प्रिंट जिथून घेतली तिथेच पाय वळतात. नकाशा खिशात मावणारा, घडीचा असावा. अंतर मीटरमध्ये न देता वसतिगृहाच्या फाटकापासून चालत किती मिनिटं ते द्यावं. छापताना दुकानांच्या वेळा आणि ओळखपत्रावर काही सवलत असेल तर ती टाकावी. नकाशा आखायचं काम विद्यार्थ्यांनाच द्या. कुठली गोष्ट आधी लागते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

कॉलेजची स्वतःची खरेदी

गावातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बहुधा कॉलेज स्वतः असतं. कागद, छपाई, फर्निचरची दुरुस्ती, कार्यक्रमांचे बॅनर, स्मृतिचिन्हं, गणवेश, वाहनं. त्यातला थोडासा हिस्सा वळला तरी शंभर घरांनी वळवलेल्या खरेदीपेक्षा जास्त भरेल.

इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात नगरपालिका, पोलीस, दोन कॉलेजं अशा मोठ्या संस्थांनी मिळून आपली खरेदी तपासली. २०१२-१३ मध्ये त्यांच्या खरेदीच्या खर्चातला ५ टक्के भाग शहरात राहत होता. २०१६-१७ पर्यंत तो १८.२ टक्क्यांवर गेला. त्यासाठी घोषणा नव्हे, निविदेच्या पद्धतीत बदल करावे लागले. मोठं कंत्राट लहान तुकड्यांत विभागलं की छोट्या व्यावसायिकाला भाग घेता येतो.

कॉलेजकडे जाताना प्राचार्यांना निवेदन देऊन फोटो काढून परत येऊ नका. खरेदी विभागातल्या माणसाला भेटा आणि विचारा: कोणत्या रकमेपर्यंत निविदा लागत नाही? पुरवठादार म्हणून नाव नोंदवायला कोणती कागदपत्रं लागतात? पैसे किती दिवसांनी मिळतात? हा शेवटचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. तीन महिने बिल अडकलं तर छोट्या दुकानाला ती ऑर्डर फायद्याऐवजी फास ठरते. कागदपत्रं भरायला गटातल्या जाणत्या माणसाने दुकानदारांसाठी एक दिवस बसावं. पहिली मागणी लहान असू द्या: सुट्टीत होणारी छपाई आणि दुरुस्तीची कामं गावात द्या. तक्त्यातले रंगवलेले आठवडे त्याने भरतात.

जपून करायच्या दोन गोष्टी

गावाचं स्वतःचं चलन काढावं, असा विचार कोणीतरी मांडतोच. कॉर्नेल विद्यापीठाच्या इथाका गावात पॉल ग्लोव्हर यांनी १९९१ मध्ये ‘इथाका अवर्स’ नावाच्या नोटा सुरू केल्या होत्या. एका ‘अवर’ची किंमत १० डॉलर धरली जायची. त्याने गावात आपलेपणा आला, नाव झालं, पण पुढे व्यवहार इलेक्ट्रॉनिक होत गेले तशा त्या मागे पडल्या. असं चलन चालवायला रोज राबणारी माणसं लागतात. पहिल्या वर्षी त्यात पडू नये. शिक्क्यांचं कार्ड पुरे: कोरड्या आठवड्यांत पाच वेगवेगळ्या दुकानांत खरेदी केली की सोडतीत नाव. ‘वेगवेगळ्या’ हा शब्द महत्त्वाचा, कारण त्यामुळेच माणूस न पाहिलेल्या दुकानाची पायरी चढतो.

दुसरी गोष्ट भेट-कूपनांची. सुट्टीआधी आगाऊ पैसे मिळतात म्हणून दुकानदाराला ती हवीशी वाटतात. पण कूपन म्हणजे उधारी आहे. सगळी एकदम सत्राच्या सुरुवातीला वटवायला आली तर माल जातो आणि गल्ल्यात काही पडत नाही. ठरावीक संख्येतच काढावीत, त्यावर मुदत स्पष्ट छापावी, आणि आलेले पैसे वेगळे ठेवावेत.

मोजायचं कसं

दहा दुकानं निवडा. दर महिन्याला त्यांनी एकच आकडा सांगायचा: गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा विक्री किती टक्के वर किंवा खाली. रक्कम विचारू नका, कोणी सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही. तुलना मागच्या महिन्याशी कधीच करू नका. कॉलेजच्या गावात ती फसवी असते, सत्र सुरू झालं की सगळं वरच जातं. सोबत भरून आलेली शिक्क्यांची कार्डं मोजा आणि त्यावर ‘रहिवासी’ की ‘विद्यार्थी’ एवढी खूण करायला जागा ठेवा. पहिल्या वर्षी आकडा हलणार नाही, हे गटाला आधीच सांगून ठेवा. कोरड्या महिन्यात विक्री घसरली नाही, एवढं दिसलं तरी काम लागू पडतंय असं समजावं.

हे सगळं एका फायलीत ठेवा: यादी, तक्ता, कसोट्यांचा नियम, कॉलेजच्या खरेदी विभागाने दिलेली उत्तरं, नकाशाची मूळ प्रत. गटातले विद्यार्थी जातील, कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतील, म्हणून फाईल एखाद्या रहिवाशाच्या घरी किंवा वाचनालयात असावी. नवी तुकडी येण्याच्या तीन आठवडे आधी ती उघडायची आणि दोघांनी वही घेऊन पुन्हा सगळ्या गल्ल्या पायी फिरायच्या. बंद झालेली दुकानं खोडायची, नवी लिहायची, बदललेल्या वेळा टिपायच्या, आणि त्याच आठवड्यात नकाशा छापायला द्यायचा, गावातल्याच छापखान्यात.